पांढरी निघालेली चिंधी

“डावीकडे ओढते. गेल्या आठवड्यातही डावीकडेच. आता या वयात हिला सांगणार कोण?”

सेपमामा माझ्या खांद्याला खांदा लावून खिडकीपाशी उभा होता आणि रायफलच्या नळीतून बाहेरच्या उजेडाकडे बघत पुटपुटत होता. बोल्ट काढून टेबलावर ठेवला होता, बोल्टशेजारी त्याची टोपी होती आणि टोपीत माझ्या मिंट कुत्रीने नाक खुपसलं होतं.

“कोण ओढते डावीकडे?” बटाटे सोलता सोलता मी विचारलं.

“ही रायफल. दुसरी कोण? तुझी मामी उजवीकडे ओढायची.”

मामीला जाऊन बरीच वर्षं झाली. पण मामाच्या बोलण्यात ती अजून रोज एकदा येते आणि भांडून जाते.

“ठेव तिथे. बटाटे झाले की बघते.”

“मॉडरेटर बघ तिचा. आतल्या चकत्या हलल्या असतील. नाहीतर काडतुसं. हल्लीच्या काडतुसांना धड मेणसुद्धा लावत नाहीत.”

“ससा किती लांब होता?”

मामाने नळी खाली केली. “असतो तेवढाच होता,” तो म्हणाला. मग मिंटच्या तोंडातून टोपी ओढून घेतली, झटकली, डोक्यावर घातली आणि निघून गेला. नेमाविषयी एवढं कमी बोलणारा सेपमामा मी जन्मात पाहिला नव्हता. पूर्वी ससा किती लांब होता असं विचारलं की वारा कुठून होता इथपासून सुरुवात व्हायची आणि चहा थंड व्हायचा.

सशाचं नाव काढलं की लोकांना गोंडस काहीतरी आठवतं. नॉर्थम्बरलंडच्या डोंगरात ज्याचं कुरण मेंढ्यांच्या आधी सशांनी खाऊन संपवलंय, त्याला विचारावं. म्हणून आमच्या खोऱ्यात ज्याची त्याची कुरणं वाटलेली असतात. मालक परवानगी देतो, आपण संध्याकाळी रायफल घेऊन जायचं आणि ससे आटोक्यात ठेवायचे. त्यात देणंघेणं काही नाही. फक्त शनिवारी सकाळी मालकाच्या फाटकावर जो खिळा आहे त्याला सशांची एक जोडी टांगून यायची. खिळा भरलेला दिसला की मालक समजतो, गडी कामावर आहे. खिळा रिकामा राहू लागला तर तो तोंडाने काही बोलत नाही, पण एक दिवस कुरणात दुसराच कोणी दिसतो.

फेनिकचं वरचं कुरण सेपमामाकडे आहे. तरुणपणापासून आहे. दगडाची खाण बंद झाली, मामी गेली, गुडघे गेले, राहिलं ते एवढं कुरण. संध्याकाळचा चहा झाला की तो उठतो आणि वर जातो. पाऊस असला तरी, बर्फ असला तरी. ते कुरण गेलं तर संध्याकाळी तो कुठे जाईल, याचा विचार मला करवत नव्हता.

आणि ते जायच्या बेतात होतं. नाताळाच्या सुमारास मॅटी अंडी न्यायला आला होता तेव्हा त्याने सांगितलं. मॅटी फेनिकचा मेंढपाळ आणि माझा शेजारी. तो दिवसभर मेंढ्यांशीच बोलतो, त्यामुळे माणसांशी बोलताना त्याला किती बोलावं हे कळत नाही.

“शहरातनं एकजण आला होता फेनिककडे,” मॅटी म्हणाला. “अंधारात ससा दिसणारी दुर्बीण आहे त्याच्याकडे. एका हिवाळ्यात कुरण साफ करून देतो म्हणाला. फेनिक म्हणाला, मार्च संपताना सांगतो.”

“सेपमामाचं काय?”

मॅटीने अंडी मोजायला घेतली. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजली. मग स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

हे आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. कोणी बोलत नव्हतं इतकंच. गेल्या वसंतातच लागोपाठ दोन शनिवार खिळा रिकामा राहिला होता. एकदा मामा माझ्या अंगणात आला आणि दोरीवर वाळत घातलेल्या काळ्या कोटाला टोपी काढून म्हणाला, “काय पाद्रीबुवा, आज इकडे कुठे?” मी घरात जाऊन डोळे पुसले. तिसऱ्या शनिवारी उजाडायच्या आत मी माझ्या खालच्या कुरणातल्या सशांची जोडी नेऊन फेनिकच्या खिळ्याला टांगली. मग दर आठवड्याला टांगायला लागले. कधीकधी तिथे आधीच एक जोडी असायची. मला वाटायचं, चला, म्हाताऱ्याला एखादी संध्याकाळ साधली.

तर त्या दिवशी बटाटे झाले आणि मी रायफल हातात घेतली.

आमच्या या पॉइंट टू-टू, म्हणजे बारीक गोळीच्या रायफलींची नळी फार घासायची नसते. एक चिंधी तेलाची, एक कोरडी, झालं. तारेच्या ब्रशाचं नाव काढायचं नाही. आत शिशाचा आणि मेणाचा पातळसा थर बसलेला असतो, त्याच्यावरून गोळी सरळ जाते. हौशी माणूस नळी आरशासारखी चमकवतो आणि मग डबाभर काडतुसं उडेपर्यंत नेम का लागत नाही म्हणून कपाळ बडवतो. खरी घाण साचते ती मॉडरेटरमध्ये. मॉडरेटर म्हणजे नळीच्या तोंडावर फिरवून बसवायचं, आवाज गिळणारं नळकांडं. आत चकत्यांची उतरंड, प्रत्येक चकतीला मधोमध भोक. गोळी भोकातून निघून जाते, आवाज चकत्यांत अडकतो, आणि आवाजाबरोबर सगळी काजळी आणि शिसंही. वर्षभरात चकत्या एकमेकींना अशा चिकटतात की लाकडी हातोडीने ठोकल्याशिवाय सुटत नाहीत.

दोरीला चिंधी बांधून मी मामाच्या नळीतून ओढली. ती पांढरी निघाली. आईच्या चर्चमधल्या हातमोज्यांसारखी पांढरी. फक्त एका कडेला तेलाचा पिवळसर डाग.

दुसरी ओढली. तीही तशीच.

मग मॉडरेटर उघडला. हातोडी शोधायची गरजच पडली नाही. नळकांडं तिरकं केलं आणि चकत्या बिस्किटांसारख्या घरंगळत हातात आल्या. त्यांच्यावर मी स्वतः गेल्या मार्चमध्ये बोटाने लावलेलं तेल अजून होतं. काजळीचा कणही नव्हता.

मी खुर्चीवर बसले. डोळे गेलेला माणूस गोळी झाडतो आणि चुकतो. काजळीला नेम कळत नाही, लागलेल्या गोळीची आणि चुकलेल्या गोळीची काजळी सारखीच काळी. इथे तर काळं काही नव्हतंच. वर्षभर रोज संध्याकाळी हा माणूस रायफल खांद्याला लावून डोंगर चढत होता आणि त्याने एकदाही चाप ओढला नव्हता.

का, ते मला कळलं नाही. विचारायला हवं होतं, हे खरं. पण आमच्याकडे माणसं एकमेकांना हवामान विचारतात, मेंढीच्या खुराचं विचारतात. ‘मामा, तुझ्या मनात काय आहे?’ असं मी विचारलं असतं तर त्याने मला डॉक्टरकडे नेलं असतं.

आणि रविवार तोंडावर आला होता.

मेंढ्या वितात त्याच्या आधीच्या एका रविवारी सगळे माझ्या स्वयंपाकघरात नळ्या धुवायला जमतात. माझ्याकडेच का, तर माझी चूल दिवसभर तापलेली असते आणि माझ्याकडे आईचा तराजू आहे. आईचं गावात गोळ्या-बिस्किटांचं दुकान होतं, तिथला पितळी तराजू. सेपमामा आईचा धाकटा भाऊ, त्यानेच कधीतरी ही रीत पाडली. प्रत्येकाचा काजळीने भरलेला मॉडरेटर एका पारड्यात ठेवायचा आणि दुसऱ्या पारड्यात पेपरमिंट टाकत जायचं. काटा सरळ झाला की थांबायचं. मग मॉडरेटर धुवून, वाळवून परत ठेवायचा. तो आता हलका झालेला असतो, म्हणून पारड्यातून पेपरमिंट काढावे लागतात. जेवढे निघतील तेवढे ज्याचे त्याचे. सगळ्यात जास्त ज्याचे निघतील त्याने सशाचा पाय कापायचा. पाय म्हणजे आमचा तो कणकेच्या झाकणाखाली भाजलेला रस्सा, सशाचे पाय नव्हेत. पायची सुरी कित्येक वर्षं सेपमामाच्या हातून सुटली नव्हती.

आणि या रविवारी फेनिक येणार होता. स्वतः बंदूक धरणं सोडून त्याला जमाना झाला, तो कधी येत नाही. यंदा मात्र मॅटीबरोबर निरोप धाडला होता, पाय खायला येतो म्हणून. तो पाय खायला येणार नव्हता हे मिंटलाही कळलं असतं. मामाच्या पारड्यातून एकही पेपरमिंट निघाला नाही की त्याला हवं ते उत्तर मिळणार होतं.

माझा आणि मामाचा मॉडरेटर एकाच बनावटीचा आहे, एकाच दिवशी घेतलेला. मी माझा उघडला, ठोकून ठोकून काळ्या चकत्या बाहेर काढल्या आणि अलगद मामाच्या नळकांड्यात भरल्या. त्याच्या कोऱ्या चकत्या माझ्या नळकांड्यात गेल्या. धुवायची भीती नव्हती. मामाची बोटं वाकत नाहीत, त्याचा मॉडरेटर दरवर्षी मीच धुते. कोणी याला लबाडी म्हणेल. मी त्याला घरकाम म्हटलं.

रविवारी पाऊस नव्हता, म्हणजे आमच्या मानाने ऊनच होतं. मी दोन टेबलं मांडली. एक शिशाचं, त्यावर वर्तमानपत्रं, रॉकेलचा डबा, जुने दातांचे ब्रश, हातमोजे, आणि वर उघडी खिडकी. दुसरं पायचं. शिशाच्या टेबलावरून उठलेल्या माणसाने कोपरापर्यंत हात धुतल्याखेरीज पायच्या टेबलाला बोट लावायचं नाही, हा आईच्या वेळेपासूनचा कायदा आहे.

मॅटी आला. दारातच बोल्ट काढून रायफल रिकामी असल्याचं दाखवलं, तसं सगळेच दाखवतात. मामा आधीच येऊन बसला होता, गळ्यात टाय बांधून. मॅटीने मॉडरेटर फिरवून काढला आणि मामा खुर्चीतून उठलाच.

“हे काय रे? नळीच्या तोंडाला गंज! परत मॉडरेटर लावूनच कपाटात ठेवलीस ना?”

“विसरलो, सेपदादा.”

“विसरलो! पावसातनं आल्यावर ओली टोपी डोक्यावर ठेवून झोपतोस का तू?”

“झोपतो की,” मॅटी म्हणाला.

“मग तुझ्या डोक्याला काय झालंय ते कळलं आज.”

फेनिक हसला. तो पायच्या टेबलाशी काठीवर हनुवटी टेकून बसला होता. मामा आणि तो शाळेत एका बाकावर होते, एकमेकांना अरेतुरे करतात आणि वर्षातून चारदा बोलतात.

“तुझी कशी आहे रे, सेप?” त्याने विचारलं. “म्हणजे रायफल.”

“डावीकडे ओढते,” मामा म्हणाला.

“हं.”

“हं,” मॅटी म्हणाला.

मी म्हणाले, “चहा घ्या.”

तराजू आला. मॅटीचा मॉडरेटर तोलला, माझा तोलला, मामाचा तोलला. ज्याचे त्याचे पेपरमिंट ज्याच्या त्याच्या कपात. मग मी बाह्या सरसावल्या आणि मामाच्या नळकांड्याकडे हात केला. मामाने ते उचलून स्वतःच्या पुढ्यात ठेवलं.

“आज मी धुतो.”

“तुझी बोटं, मामा—”

“माझी आहेत ना? मग मीच वापरतो.”

मी मॅटीकडे बघितलं. मॅटीने छताकडे बघितलं. मला एकच दिलासा होता, काळी चकती काळीच असते, ती कोणाची हे काजळीवरून कळत नाही. मी मुकाट्याने माझा मॉडरेटर उघडला. मामाच्या कोऱ्या चकत्या रॉकेलमध्ये बुडवल्या आणि उगाच जोरात घासायला लागले. रॉकेल होतं तसं राहिलं. चुलीच्या दांडीवर फडक्यात वाळवलं, तराजूत ठेवलं. काटा जिथे होता तिथेच. एकही पेपरमिंट निघाला नाही.

“लॉर्ना,” फेनिक म्हणाला, “यंदा तू ससे गाणी म्हणून मारलेस की काय?”

“नाताळात एकदा धुतला होता मी.”

“नाताळात तर तुझी पाठ धरली होती,” मॅटी म्हणाला. “कोंबड्यांना दाणे मी घालत होतो.”

मॅटी बोलतो तेव्हा हे असं बोलतो. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आपल्या गंजावर तेल चोळायला लागला.

तिकडे मामा हातोडीने ठोकत होता. एकेक चकती सुटून डब्यात पडत होती आणि रॉकेल काळं होत होतं, गटारासारखं काळं.

“वा!” मामा मोठ्याने म्हणाला. “काय वर्ष गेलंय!”

तो ब्रशने घासू लागला. हळूहळू, एक चकती हातात धरून, फिरवत. आणि घासता घासता त्या चकतीच्या कडेला काजळीखालून एक लाल ठिपका उगवला.

चकत्यांचा क्रम चुकला की सगळं चुकतं, पहिली जाड असते, ती पुढे गेली तर गोळी घासते. म्हणून माझ्या चकत्यांना मी नेलपॉलिशचे ठिपके लावलेत. पहिलीला एक, दुसरीला दोन, असे पुढे. नेलपॉलिश भाचीच्या लग्नातलं, चेरीसारखं लाल. वर्षभराच्या काजळीखाली ते गेले होते आणि मी ते साफ विसरले होते.

मामाने ती चकती वर्तमानपत्रावर ठेवली. दुसरी घासली. दोन ठिपके. तीही ठेवली. घाई नाही, काही नाही. सगळ्या चकत्या ओळीने मांडून झाल्या तेव्हा वर्तमानपत्रावरून लाल किड्यांची वरात निघाल्यासारखी दिसत होती.

चुलीवरची किटली तेवढी बोलत होती.

“गंज असेल,” मॅटी म्हणाला.

“ॲल्युमिनियमला?” फेनिकने विचारलं.

“गेल्या वर्षी मीच लावले,” मी म्हणाले. “मामाच्याही चकत्यांना लावले. क्रमासाठी.”

फेनिकने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि चकत्या सोडून माझ्या पडद्यांकडे बघितलं. “चांगली पद्धत आहे,” तो म्हणाला. “तोला, तोला. पाय निवतोय.”

म्हणजे त्यालाही कळलं होतं, आणि तोही बोलणार नव्हता. मला त्या म्हाताऱ्याचा मुका घ्यावासा वाटला.

तोललं. मामाच्या पारड्यातून पेपरमिंट निघत गेले, निघत गेले, मॅटीपेक्षा कितीतरी जास्त. मी सुरी पुसून पुढे केली. “चल मामा, यंदाही तूच. हात धू.”

मामाने हातमोजे काढले. सुरी घेतली नाही. पेपरमिंटचा ढीग पुढे ओढला आणि त्यातून निम्मे माझ्याकडे सरकवले.

“हे तुझे. काजळी तुझी, पेपरमिंटही तुझे.” उरलेले त्याने मॅटीकडे सरकवले. “हे तुझे. खिळ्यावरच्या जोड्यांचे.”

“कसल्या जोड्या?” मॅटीचे कान लाल झाले.

“मॅटी, ससे टांगताना एक पाय दुसऱ्या पायात ओवतात ना, तो सगळं खोरं उजवा डाव्यातून ओवतं. डावा उजव्यातून ओवणारा माणूस या जगात एकच आहे. आणि शुक्रवारी रात्री टांगलेल्या जोडीला तुझ्या तंबाखूचा वास येतो. शनिवारची हिची असते. तिला हिच्या धुण्याच्या सोड्याचा.”

मी आणि मॅटीने एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे ती साधलेली संध्याकाळ मॅटीची होती! आणि मॅटीच्या तोंडावरून दिसत होतं की माझ्या जोड्या त्याला मामाच्या वाटल्या होत्या.

“मामा,” मी घसा साफ करत म्हणाले, “डोळ्यांचं आता काहीतरी करता येतं. शहरात एक बाई डॉक्टर आहेत—”

“डोळ्यांना काय धाड भरलीय माझ्या?”

“तू माझ्या कोटाला पाद्रीबुवा म्हणालास!”

“तो विनोद होता, पोरी. तू हसली नाहीस, घरात पळालीस. मला वाटलं, हिला पाद्रीबुवांबद्दल काही वाटतं की काय.”

फेनिक खोकला. मामा उठून उघड्या खिडकीशी गेला आणि ओढ्यापलीकडच्या उताराकडे बोट केलं. “ते बघा. त्या कातळाखाली. निळ्या खुणेची मेंढी उताणी पडलीय. चारही पाय वर. पोटात पिल्लू असणार, तिला उठता येणार नाही.”

आम्ही सगळे खिडकीत दाटलो. मला उतार दिसला, कातळ दिसला आणि पांढरे ठिपके दिसले. मॅटीने डोळे बारीक केले. फेनिकने कोटातून दुर्बीण काढून लावली आणि बराच वेळ फिरवत राहिला.

“आहे,” तो म्हणाला. “पाय हलतायत अजून.”

मॅटी बूट घालतच धावला, मिंट त्याच्या पुढे. उताणी पडलेली गाभण मेंढी फार वेळ टिकत नाही. आधी पोट फुगतं, आणि कावळे तर डोळ्यांसाठी टपूनच असतात. आम्ही तिघं खिडकीत उभे राहून बघत होतो. मॅटी ओढ्यात एकदा घसरला, उठला, चढला, मेंढीला लोकरीला धरून सरळ केलं आणि तिचा तोल येईपर्यंत दोन्ही पायांत धरून उभा राहिला. मग ती लटपटत चालायला लागली आणि मिंट उगाचच भुंकून श्रेय घेऊन आली.

“गेल्या वर्षात वरच्या कुरणात माझी एकही मेंढी उताणी मेली नाही,” फेनिक खिडकीबाहेर बघत म्हणाला. “मला वाटायचं, मॅटीचं लक्ष आहे.”

“मॅटी संध्याकाळी दारूच्या अड्ड्यावर असतो,” मामा म्हणाला. “त्याचं लक्ष पेल्यावर असतं.”

“ते मला माहीत आहे.” फेनिकने दुर्बीण मिटून खिशात टाकली. “त्या शहरातल्या माणसाला अंधारात मेंढी दिसेल, सेप. पण ती सरळ करायला तो गाडीतून उतरेल का, कोण जाणे. ससे काय, ही दोघं मारतायतच, तुझ्या नावावर मारतात ते आपापल्या नावावर मारतील.” त्याने खुर्ची ओढली आणि बसला. “मी माझ्या माडीवरच्या खिडकीतून बघतो तुला. भिंतीवर बसलेला असतोस. रायफल मांडीवर. ससे तुझ्या बुटांपाशी चरतात. मला वाटलं, तू सांगशील कधीतरी.”

“काय सांगू?”

“ते मी कसं सांगणार? तुझं आहे ते.”

मामाने हात धुवायला घेतले. कोपरापर्यंत, साबण लावून, आईच्या कायद्याप्रमाणे. पुसले. पायच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. सुरी उचलली, तिच्याकडे बघितलं आणि परत खाली ठेवली.

“गेल्या वसंतात एक होता,” तो म्हणाला. “भिंतीपलीकडे. नेमाच्या काट्यावर धरला होता मी, वारा नव्हता, चुकायचा प्रश्नच नव्हता. आणि तो कान धुवायला लागला. एक कान खाली ओढायचा, चाटायचा, सोडायचा. मग दुसरा. आमची ही आंघोळीच्या आधी वेणी सोडायची ना, तशी घाई नाही कसलीच. मी म्हटलं, होऊ दे त्याचं. मग त्याचं झालं, आणि मी म्हटलं, जाऊ दे त्याला. दुसऱ्या दिवशी परत तेच.” त्याने टायची गाठ सैल केली. “रायफल डावीकडे ओढत नाही. रायफलीला काही झालेलं नाही, डोळ्यांना काही झालेलं नाही. मला आता मारवत नाही, फेनिक. पण संध्याकाळी मला कुरणात यायचंय.”

“मग ये की,” फेनिक म्हणाला आणि सुरी त्याच्या हाताशी सरकवली.